घरात नवी मोटारसायकल येताना जुनीचे काय करावे?

प्रश्न : वडिलांनी 2008 साली घेतलेली स्प्लेंडर प्लस आमच्याकडे आहे. नोकरीसाठी मला रोज कराडला जाऊन-येऊन 34 किलोमीटर पडतात, म्हणून मी 150 सीसीची नवी गाडी घेत आहे. विक्रेता जुन्या गाडीचे 12,000 रुपये धरायला तयार आहे. वडील 71 वर्षांचे असून मळ्यात तिच्यावरूनच जातात. गाडी द्यावी असे त्यांना वाटत नाही, पण ते तसे बोलून दाखवत नाहीत. दोन गाड्यांचा खर्च कशाला, असे घरातल्या इतरांचे म्हणणे आहे. नोंदणीचे नूतनीकरण 2023 साली झाले आहे. काय करावे?
– एक वाचक, कराड तालुका

उत्तर : आपल्या प्रश्नातच त्याचे उत्तर आहे, आणि ते ‘मळ्यात तिच्यावरूनच जातात’ या शब्दांत आहे. जुनी गाडी ठेवावी की नाही, हे तिच्या किमतीपेक्षा तिच्यावर दर आठवड्याला कोण बसणार यावर ठरवावे, असे माझे मत आहे. चालवणारा माणूस घरात असेल तर गाडी ठेवावी. तो नसेल तर, ती कितीही जीव लावलेली असली तरी, चालू स्थितीत असतानाच देऊन टाकावी. कारण उभी राहिलेली गाडी चालणाऱ्या गाडीपेक्षा लवकर खराब होते. कार्बोरेटरमध्ये साचलेले पेट्रोल उडून चिकट थर मागे राहतो, बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात. हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते हवेतला ओलावा धरते, त्यामुळे जुन्या गाडीच्या टाकीला आतून गंज चढण्याची भीती वाढली आहे.

नव्या गाडीवरून वडील मळ्यात जातील, असे कोणी सुचवत असेल तर ते मला पटत नाही. स्प्लेंडरचे वजन 110 किलोच्या आसपास आहे, तर 150 सीसीच्या गाड्या साधारण 140 किलोच्या असतात. बांधावर गाडी वळवताना, चिखलात पाय टेकवताना हा 30 किलोंचा फरक सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या गुडघ्यांना लगेच जाणवतो. शिवाय दिवसभर ती गाडी आपल्याबरोबर कराडला असणार.

मात्र ठेवायची तर गाडी त्या लायकीची आहे का, हे आधी पाहावे. सकाळी इंजिन थंड असताना स्वतः किक मारून पाहा. पायाला चांगला दाब लागला आणि चोक ओढून दोन-तीन किकमध्ये गाडी सुरू झाली, तर इंजिनात अजून दम आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑईल जाळते आहे, म्हणजे इंजिनाचे काम निघणार. ते काम 12,000 रुपयांच्या गाडीवर करावे का, याचा तेव्हा पुन्हा विचार करावा. प्लग काढून बघा : टोक तपकिरी असेल तर ठीक, काळे नि तेलकट असेल तर नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर मी वडिलांच्या गाडीला ठेवणार नाही.

खर्चाचे म्हणाल तर तो वाटतो तेवढा नाही. 75 ते 150 सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा 2022 साली ठरलेल्या दराने वर्षाला 714 रुपये अधिक कर इतका आहे. दर सहा महिन्यांनी पीयूसी, ऑईल, किरकोळ दुरुस्ती असे धरून माझ्या हिशेबाने वर्षाचे तीन-चार हजार होतील. सक्तीची नवी सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवलेली नसेल तर 531 रुपये एकदाच लागतील. वडिलांचा परवानाही तपासा, कारण पंचावन्नीनंतर त्याचे नूतनीकरण पाचच वर्षांचे होते.

पुढेमागे गाडी द्यायची वेळ आली, तर कोऱ्या फॉर्मवर सह्या करून ती कधीही कोणाच्या हवाली करू नका. मी स्वतः ही चूक केली आहे. ओळखीच्या माणसाला गाडी दिली, त्याने ती नावावर करून घेतली नाही, आणि तीन वर्षांनी एका अपघाताची नोटीस माझ्या दारात आली. विकल्यावर 14 दिवसांच्या आत आरटीओला कळवणे ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2018 साली स्पष्ट केले आहे. म्हणून मालकी बदलण्याचे 29 व 30 क्रमांकांचे फॉर्म पूर्ण भरून द्यावेत, त्यांच्या प्रती स्वतःकडे ठेवाव्यात आणि नाव बदलल्याचे स्वतः पाहावे. शोरूममध्ये अदलाबदल केली तरी हे टळत नाही.

आपली नोंदणी 2028 पर्यंत आहे. तेव्हा गाडी वीस वर्षांची होईल. वीस वर्षांवरील मोटारसायकलीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट 2025 पासून 2,000 रुपये झाले आहे आणि पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो. त्या वेळी वडील गाडी चालवत असतील तर आनंदाने पैसे भरा. ते थांबले असतील तर मुदत संपण्याच्या सहा महिने आधी ग्राहक बघायला लागा, कारण मुदत संपलेल्या गाडीला भाव येत नाही. तूर्त विक्रेत्याला नकार कळवा, आणि तो निर्णय वडिलांना आपण स्वतः सांगा.