पर्वतचित्रातील गांभीर्य येते कुठून?

प्रश्न : कास्पार डाविड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराच्या ‘वाट्झमान’ या, आल्प्समधील त्याच नावाच्या पर्वताच्या चित्राची छापील प्रत नुकतीच पाहिली. त्यात ना माणूस, ना घर. तरी पाहताना मन गंभीर होते. हिमशिखर म्हणजे ईश्वर, असा अर्थ घ्यावा का? मी यवतेश्वर घाटातून दिसणारा अजिंक्यतारा रंगवतो. त्यात असा आशय आणता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपण सुचवलेला अर्थ ग्राह्य आहे, फ्रीडरिश श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि निसर्गात ईश्वराचा प्रत्यय शोधणे हा त्यांच्या कलेचा गाभाच होता. परंतु बर्फ म्हणजे ईश्वर एवढे म्हणून थांबलो, तर मन गंभीर का होते, हा आपला अधिक मोलाचा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

त्याचे उत्तर चित्राच्या रचनेत आहे. पुढे गडद खडक, मागे उजळलेले शुभ्र शिखर, आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत नजरेला चढत जाता येईल अशी वाट कुठेच नाही. लुडविग रिश्टर या दुसऱ्या जर्मन चित्रकाराने १८२४ मध्ये रंगवलेल्या याच पर्वताच्या चित्रात धबधबा आणि झाडी यांच्या आधाराने नजर टप्प्याटप्प्याने वर जाते. फ्रीडरिश यांनी तो आधारच काढून घेतला. शिखर स्पष्ट दिसावे आणि तरीही अप्राप्य राहावे, यातूनच ते गांभीर्य निर्माण होते. शिवाय पुढचे खडक शिखराचाच त्रिकोणी आकार लहान प्रमाणात गिरवतात, त्यामुळे जवळचे आणि अप्राप्य यांच्यात नातेही जुळते.

फ्रीडरिश आल्प्समध्ये कधी गेलेच नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे. १८२४-२५ मधील हे चित्र त्यांनी ऑगस्ट हाइनरिश या आपल्या शिष्याच्या अभ्यासचित्रावरून रचले आणि त्यात जर्मनीतीलच हार्त्स डोंगररांगेतील स्वतः रेखाटलेला खडक आणून बसवला. भूगोलापेक्षा भावाशी इमान राखण्याचे हे धाडस मला फार मोठे वाटते.

सह्याद्रीसाठी मात्र हिमशिखराची प्रतिमा उसनी घेऊ नये. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेले, सपाट माथ्याचे आहेत. त्यांची भाषा आडव्या रेषांची आहे. आडवी रेषा स्थैर्य आणि दीर्घ काळ सुचवते, आणि अजिंक्यताऱ्यासारख्या किल्ल्याला तो आशय शोभतो. तेव्हा माथा अधिक उंच, टोकदार करण्याचा मोह टाळावा. पावसाळी ढगांनी पायथा झाकून फक्त माथ्याची सरळ कड उघडी ठेवली आणि मधला घाटरस्ता गाळला, तर हिमाशिवायही तेच अंतर साधता येईल.