बुद्धिबळात काळी मोहरी आली, म्हणून डाव गेला का?

प्रश्न : स्पर्धेत काळी मोहरी आली की माझी मुलगी आधीच खचते. काळ्याने जिंकता येते का? – एक पालक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नक्कीच येते, आणि दाखला आपल्या नागपूरचाच आहे. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीतील निर्णायक जलद डाव दिव्या देशमुख हिने कोनेरू हंपी यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनीच जिंकला. पहिल्या चालीमुळे पांढऱ्याला थोडा लाभ असतो, हे खरे. परंतु सिसिलियन बचावात, म्हणजे पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवल्यावर काळ्याने सी-पट्टीतील (पटाच्या डावीकडून तिसऱ्या उभ्या पट्टीतील, पांढऱ्याच्या बाजूने पाहता) प्यादे पुढे करून उत्तर देण्याच्या पद्धतीत, काळा ते प्यादे देऊन पांढऱ्याचे मधले प्यादे घेतो, तेव्हा मध्यभागी त्याची दोन प्यादी उरतात आणि हत्तीला मोकळी पट्टी मिळते. मुलीला नुसत्या बरोबरीसाठी खेळायला सांगू नका. घरी रोज एक डाव तिच्याकडून काळ्यानेच खेळवून घ्या.