शाश्वत विकासाची वचनं सरकारने पाळली नाहीत तर जाब कोण विचारतं? स्वयंसेवी संस्थांचा यात खरंच काही उपयोग होतो का?

कोर्टात जाता येत नाही, हे आधी सांगून टाकतो. २५ सप्टेंबर २०१५ ला संयुक्त राष्ट्रांत १९३ देशांनी १७ उद्दिष्टं आणि त्याखालची १६९ लक्ष्यं मान्य केली, मुदत २०३०. पण तो नुसता ठराव आहे, मोडला तर दंड नाही. दर जुलैत न्यूयॉर्कला बैठक भरते, तिथे देश आपापला आढावा मांडतात. आपण तो २०१७, २०२० आणि २०२५ मध्ये मांडला. पेपर लिहिणारे आपण, तपासणारेही आपणच. म्हणून 'वादा न तोडो अभियान'सारख्या आघाड्या समांतर अहवाल काढतात. ते काम हवंच. पण 'खरंच उपयोग होतो का' असं विचारलंत म्हणून सांगतो, मला तो होताना दिसला तो तालुक्याच्या गावी, मांडवात, रजिस्टर उघडं ठेवल्यावर.

मी सात वर्षं सातपुड्याच्या पट्ट्यात आरोग्यसेवांच्या लोकाधारित देखरेखीचं काम केलं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ही पद्धत महाराष्ट्रात २००७ साली पाच जिल्ह्यांत सुरू झाली: अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे आणि तेव्हाचं उस्मानाबाद. राज्यपातळीवर पुण्याची 'साथी' ही संस्था समन्वय करायची. गावातल्या बायका, सरपंच, संघटनेची पोरं मिळून आरोग्य उपकेंद्राचं आणि पीएचसीचं (प्राथमिक आरोग्य केंद्राचं) प्रगतीपत्रक भरायची. चांगलं असेल तिथे हिरवा रंग, बरं असेल तिथे पिवळा, वाईट असेल तिथे लाल. मग जनसुनवाई, म्हणजे अधिकाऱ्यांना समोर बसवून सगळ्यांदेखत जाब विचारणं. गंमत म्हणजे या सगळ्याला पैसे सरकारचेच. जनसुनवाईची रीत मात्र राजस्थानातून आली. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये गावात सरकारी कामांचे हजेरीपट मोठ्याने वाचायला सुरुवात केली, आणि त्या रेट्यातूनच पुढे २००५ चा माहिती अधिकार कायदा आला.

आता तुमच्या उद्दिष्टांकडे येतो. लक्ष्य ३.१ म्हणतं, २०३० पर्यंत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ७० च्या खाली आणा. महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा ३३ आहे. म्हणजे राज्य केव्हाच पास. मंत्रालयात बसून पाहिलं तर विचारायला काही उरतच नाही. पण त्याच ठरावात 'कोणालाही मागे ठेवणार नाही' असंही लिहून दिलंय, आणि मागे कोण राहिलं ते सरासरीत दिसत नाही. सरासरी फोडून दाखवणं हे संस्थांचं खरं काम.

एक सुनवाई सांगतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण पूर्ण मोफत आहे. औषधं, जेवण, येण्याची गाडी आणि बाळाला घेऊन घरी सोडणारी गाडीसुद्धा. आमच्या एका पीएचसीतून घरी जायला बायका जीपला पैसे मोजत होत्या. आम्ही माहिती अधिकारात रुग्णवाहिकेच्या लॉगबुकच्या प्रती मागवल्या. त्यात नोंद होती: 'माता व बालक घरी सोडले', खाली पाड्याचं नाव आणि किलोमीटर.

सुनवाईला मांडवात दीडेकशे माणसं, समोर टेबलावर अधिकारी, चहा-बिस्किटं. जीपला पैसे मोजलेल्यांपैकी एक बाई उठली. मराठी तिला जेमतेम, म्हणून शेजारी आशाताई उभी राहून सांगत होती. साहेबांनी विचारलं, "ताई, तेव्हाच तक्रार का नाही केली?" आशाताईने विचारून सांगितलं, "ती म्हणते, हातात दोन दिवसांचं बाळ होतं, तक्रार कुठे घेऊन जाऊ?" मग आमच्यातल्या एकाने लॉगबुकमधली नोंद मोठ्याने वाचली, गाडी थेट पाड्यापर्यंत गेली अशी. मांडवात आधी कुजबुज, मग बायका हसायलाच लागल्या. आशाताईला भाषांतर करायचंही सुचेना. शेवटी म्हणाली, "सर, त्या पाड्याला रस्ताच नाही. नाल्यापाशी गाडी थांबते, पुढे दीड तास पायी."

टेबलावर कुणी काही बोललं नाही. ते पाच मिनिटांचं हसू आमच्या तीन वर्षांच्या निवेदनांपेक्षा भारी ठरलं.

त्या दिवशी काय मिळालं? जीपचे पैसे परत देण्याचं आश्वासन, पीएचसीच्या भिंतीवर मोफत सेवांची यादी रंगवणं, आणि लॉगबुकवर बाळंतिणीच्या घरच्यांची सही किंवा अंगठा घेणं. पुढच्या सुनवाईपर्यंत साहेबांची बदली झालेली. नव्या साहेबांनी विचारलं, "कसली सुनवाई?" तेव्हा सहीशिक्क्याचं इतिवृत्त काढून समोर ठेवलं. पैसे त्यानंतर सहा आठवड्यांनी मिळाले, तेही चौघींनाच. बाकीच्यांकडे पावती नव्हती. जीपवाला पावती देतो का कुठे? आणि रस्ता अजून 'प्रस्तावित'च आहे. आरोग्य खातं म्हणतं तो बांधकामचा विषय, बांधकामवाले म्हणतात वनखात्याची परवानगी नाही, आणि सुनवाईला ते दोघेही येत नाहीत. १७ उद्दिष्टं एकमेकांत गुंतलेली असतात असं व्याख्यानात सांगतात, त्याचा अर्थ मला त्या नाल्यावर कळला.

संस्थांबद्दलही थोडं वाईट बोलतो, आम्ही आपसात बोलतोच. पुष्कळजण हॉटेलच्या हॉलमध्ये उद्दिष्टांचे रंगीत चौकोन छापलेले बॅनर लावून कार्यशाळा घेतात आणि त्यालाच पाठपुरावा म्हणतात. दुसऱ्या बाजूने परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. ज्या छोट्या संघटना प्रत्यक्ष गावात असतात, त्यांच्यापर्यंत मोठ्या संस्थांमार्फत येणारा तो पैसा आटला. कार्यकर्ते पांगले.

वरच्या पातळीवर भांडायचं असेल तर सरकारचंच लेखी वचन धरा, संयुक्त राष्ट्रांचं नको. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ मध्ये लिहिलंय की राज्यांनी २०२० पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्चावा. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला. हा प्रश्न विधानसभेत आमदाराकरवी विचारता येतो, आणि 'ते आंतरराष्ट्रीय आहे' म्हणून कुणाला हात झटकता येत नाहीत.

तुम्हाला स्वतःला सुरुवात करायची असेल तर तुमच्या पीएचसीपासून करा. सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजारांमागे एक असा निकष आहे, तो आधी तपासा. मग माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. अर्जात 'शाश्वत', 'उद्दिष्ट', 'विकास' यातला एकही शब्द घालू नका. 'का' असंही विचारू नका, कारणं सांगायला जनमाहिती अधिकारी बांधील नाही आणि तेवढ्यावर अर्ज परत येतो. अमुक महिन्याच्या लॉगबुकच्या, औषधसाठा रजिस्टरच्या आणि रुग्ण कल्याण समितीच्या खर्चाच्या प्रती द्या, एवढंच लिहा. २ रुपये पान पडतं. तीस दिवस वाट बघा, आणि तोवर त्या लॉगबुकमधल्या गावांची नावं माहीत असलेली एखादी आशाताई गाठून ठेवा.