प्रचारात साड्या-पैसे वाटताना दिसले तर मोबाइलवरून तक्रार करून काही होतं का? (नागपूर)

होतं, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर व्हिडिओ फिरवून नाही. तिथे चार जण ‘निषेध’ लिहितात अन् विषय संपतो. केंद्रीय निवडणूक आयोगाचं सी-व्हिजिल अ‍ॅप २०१८ पासून आहे. फोटो किंवा जास्तीत जास्त २ मिनिटांचा व्हिडिओ त्यातूनच काढायचा. गॅलरीतला जुना चालत नाही. म्हणजे महाल भागातल्या गल्लीत दिसलं तर तिथेच उभं राहून टिपावं लागतं. जागा जीपीएसने आपोआप नोंदली जाते, १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. नाव लपवता येतं, मात्र मग पुढे काय झालं ते अ‍ॅप कळवत नाही. तरी लपवाच भाऊ, गल्लीत सगळेच ओळखीचे. हे लोकसभा-विधानसभेपुरतं, महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तक्रारही तिकडेच.