सिस्टरना विचारा: धुतलेले ग्लोव्हज

प्रश्न: मी खेड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. महिनाअखेरीस ग्लोव्हज संपतात, मग वापरलेलेच ब्लीचच्या पाण्यात धुऊन, वाळवून घालते. लसीकरणाच्या दिवशी तर एकच जोडी दिवसभर हातात असते. हे चालतं का?

उत्तर: नाही चालत. पण तुम्हाला रागवायला मी कोण? उमेदवारीच्या काळात मीही संध्याकाळी हातमोजे धुऊन, फुगवून भोकं शोधत बसायचे. फरक इतकाच, की ते जाड रबराचे होते आणि पावडर लावून पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, जायचे. आताचे पातळ मोजे एका वापरापुरते असतात. ब्लीचने त्यांना बारीक भोकं पडतात, ती डोळ्यांना दिसत नाहीत.

खरी गोम लसीकरणात आहे. बाळाची आणि तुमची कातडी धड असेल, तर लस टोचायला मोजे लागतच नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचंही तेच म्हणणं आहे. दिवसभर एकच जोडी म्हणजे पहिल्या बाळाच्या अंगावरचं शेवटच्या बाळाला देणं. दर बाळामागे हात स्वच्छ करा. बीपी, ताप बघायलाही मोजे नकोत. असे वाचलेले लेबर रूमला द्या. तिथे एप्रन आणि चष्माही हवाच. पाणमोट काही सांगून फुटत नाही! उपकरणं घासायला जाड रबरी मोजे घ्या. ते मात्र फाटेपर्यंत धुऊन वापरा.

आणि तुम्ही विचारलं नाहीत ते सांगते. सुईला मोजा अडवत नाही. टोपण परत लावायला जाऊ नका, सुई थेट सुयांच्या डब्यात टाका. डबा पाऊण भरला की बंद करा. टोचलीच, तर बोट पिळू नका. साबणपाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, 72 तासांनंतर उपयोग नाही. ती 28 दिवस घ्यायची असतात.

सगळे एचआयव्हीला घाबरतात. बाधित रक्ताच्या सुईतून त्याचा धोका हजारात साधारण 3. हिपॅटायटिस बीचा, लस घेतली नसेल तर, शंभरात 6 ते 30. तुमचे तीन डोस झालेत का? पत्रात काही लिहिलेलं नाही. कचरा उचलणाऱ्या ताईंचे झालेत का, तेही बघा. मधला एखादा राहिला असेल, तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. राहिलेला तेवढा घ्यायचा.