प्रश्न तुमचे : पेशीविज्ञानाचा पेपर पाठवताना आणि तपासताना

या वेळी आलेल्या पत्रांत बहुतेकांचं घोडं दोनच ठिकाणी अडलेलं दिसलं: फोटो आणि 'एन' (स्वतंत्र प्रयोगांची संख्या). म्हणून तिथे जागा जास्त दिली आहे.

आमचा पेपर पाच दिवसांत परत आला, रिव्ह्यूअरकडे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, गेलाच नाही. कुणी वाचला तरी असेल का?
— पीएच.डी. विद्यार्थिनी, पुणे

वाचला असेल, पण पूर्ण नाही. पहिल्या फेरीत एडिटर मुख्यतः कव्हर लेटर, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि फिगर्स बघतो. हा विषय आपल्या वाचकांचा आहे का आणि दाव्याला पुरावा पुरतो का, एवढंच त्याला तेव्हा ठरवायचं असतं. 'अमुक प्रथिन कमी केलं की पेशींची हालचाल मंदावते' इथेच तुमचा पेपर संपत असेल, तर 'का मंदावते' हे विचारणारं जर्नल तो परत करणारच. कव्हर लेटरमध्ये अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पुन्हा चिकटवू नका. आधी काय माहीत होतं, कोडं कुठे होतं आणि तुमच्या कोणत्या प्रयोगाने ते सुटलं, हे एका पानात लिहा.

प्रत्येक जर्नलला पहिल्यापासून रिव्ह्यू करून घेण्यात महिने जातात. ते वाचवायचे तर 2019च्या डिसेंबरात सुरू झालेलं 'रिव्ह्यू कॉमन्स' बघा. तिथे रिव्ह्यू एकदाच होतो आणि तो घेऊन संलग्न जर्नल्सकडे जाता येतं.

रिव्ह्यूअर म्हणतो, फोटो 'प्रोसेस' केलेले वाटतात. आम्ही फक्त ब्राइटनेस वाढवला होता. तेही चालत नाही का?
— संशोधन सहायक, मुंबई

चालतं, पण पूर्ण फोटोवर आणि कंट्रोलसकट (तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यासकट) सगळ्यांवर सारखंच. गॅमा (मधल्या छटांचा उजेड) बदलला असेल तर लेजंडमध्ये (फिगरखालच्या मजकुरात) सांगावं लागतं.

तुमची गडबड बहुधा 'फिजी' या फोटो तपासण्याच्या सॉफ्टवेअरमधल्या 'ऑटो' बटणापाशी झाली असावी. मायक्रोस्कोपची मूळ फाइल सहसा 16 बिटची असते, म्हणजे उजेडाच्या 65,536 पायऱ्या मांडता येतील अशी. 'ऑटो' प्रत्येक फोटोसाठी वेगळी खिडकी निवडतं, म्हणजे कोणता आकडा काळा आणि कोणता पांढरा दाखवायचा ते ठरवतं. आत्तापर्यंत आकडे शाबूत असतात, फक्त पडद्यावरचं दिसणं बदललेलं असतं. मग आपण फाइल 8 बिट करतो आणि ती खिडकी 256 पायऱ्यांत कायमची पक्की होते. कंट्रोलमध्ये प्रथिन खरोखर कमी असलं तरी दोन्ही फोटो सारखेच उजळ दिसतात. कधी उलटही होतं, नसलेला फरक दिसू लागतो. उपाय सोपा आहे: 'सेट'मध्ये किमान-कमाल आकडे स्वतः घाला, तेच उघड्या असलेल्या सगळ्या फोटोंना लावा, मगच 8 बिट करा. मोजमाप मात्र मूळ फाइलवरच. फिगरसाठी केलेल्या जेपेगवर इंटेन्सिटी मोजणं म्हणजे निव्वळ गंमत.

ब्लॉटचंही (प्रथिनांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या फोटोचंही) तेच. पार्श्वभूमी पांढरीशुभ्र दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट ताणला की फिकट पट्ट्या पुसल्या जातात आणि शंका बळावते. मधल्या लेन (नमुन्यांचे उभे रकाने) काढल्या असतील तर जोडावर स्पष्ट रेघ ठेवा आणि लेजंडमध्ये तसं लिहा. लोडिंग कंट्रोल (सगळीकडे सारखंच प्रथिन भरल्याची खूण) त्याच मेम्ब्रेनचा घ्या, आकार दाखवणाऱ्या मार्करसकट न कापलेला ब्लॉट जपून ठेवा. सॅच्युरेट झालेल्या, म्हणजे मोजण्याची कमाल मर्यादा गाठलेल्या, पट्टीवरून 'दुप्पट', 'तिप्पट' असे आकडे काढू नका.

ही कडकपणाची सुरुवात 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'ने 2002मध्ये केली. स्वीकारलेल्या प्रत्येक पेपरचे फोटो ते छापण्याआधी तपासू लागले. सुमारे चौथाई पेपरांत निदान एक फिगर नव्याने करावी लागे, पण निष्कर्षच बदलेल अशी लबाडी साधारण एक टक्क्यात निघे. म्हणजे बहुतेक वेळा दोष नीयतीचा नसतो, सवयीचा असतो. तरी मूळ फाइल मागितल्यावर ती सापडत नसेल, तर नीयत सिद्ध करायला तुमच्याकडे काहीच उरत नाही.

300 पेशी मोजल्या, पी-व्हॅल्यू (फरक नसतानाही असे आकडे योगायोगाने येण्याची शक्यता) अगदी बारीक आली. तरी रिव्ह्यूअर 'एन फक्त 3' म्हणतो. असं कसं?
— वाचक, नागपूर

त्याचं बरोबर आहे. तीन स्वतंत्र दिवशी प्रत्येकी 100 पेशी मोजल्या असतील तर तुमचा एन 3 आहे. एकाच डिशमधल्या 100 पेशींना एकच माध्यम, एकच ट्रान्सफेक्शन (पेशीत बाहेरून डीएनए किंवा आरएनए घालणं), एकच अँटिबॉडी मिळालेली असते, त्यामुळे त्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. स्टँडर्ड एरर (सरासरी किती अनिश्चित आहे याचं माप) काढताना एनच्या वर्गमुळाने भागतात. तिथे 3ऐवजी 300 घातले की एरर बार दहापट आखूड होतो आणि नगण्य फरकही 'सिग्निफिकंट' ठरतो. एकाच फ्लास्कमधून त्याच दिवशी भरलेल्या तीन वेल्स हेही तीन प्रयोग नव्हेत.

प्रत्येक दिवसाची सरासरी काढा आणि चाचणी त्या तीन आकड्यांवर लावा. कंट्रोल आणि ट्रीटमेंट एकाच दिवशी केले असतील तर पेअर्ड (जोडीजोडीने तुलना करणारी) चाचणी घ्या. आलेखात सगळ्या पेशी फिकट ठिपक्यांनी, दिवसानुसार वेगळ्या रंगात दाखवा आणि त्यावर तीन सरासऱ्या ठळक काढा. याला 'सुपरप्लॉट' म्हणतात. लेजंडमध्ये एन म्हणजे काय आणि बार एसडीचा (आकड्यांच्या पसाऱ्याचा) की एसईएमचा (स्टँडर्ड एररचा), हे लिहाच.

सेल लाइन (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी) पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातून घेतली आहे. तरी ऑथेंटिकेशन (पेशींची ओळख पटवणं) मागतात?
— प्राध्यापक, कोल्हापूर

मागतात, कारण पुण्याहून निघालेली पेशी आणि तुमच्या इन्क्युबेटरमध्ये दोन वर्षं वाढलेली पेशी एकच असेल याची हमी नाही. एसटीआर प्रोफाइल (पेशींचा डीएनए ठसा) आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची पीसीआर चाचणी करून तारीख मेथड्समध्ये लिहा. केबी पेशी तोंडाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरत असाल तर आधीच थांबा. त्या 'हीला' नावाच्या पेशी निघालेल्या आहेत, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या.

गाईडने त्यांच्याकडे आलेला रिव्ह्यू मला लिहायला दिलाय. कसा लिहू?
— पीएच.डी. विद्यार्थी, मुंबई

सरांना आधी एडिटरला कळवायला सांगा. सहरिव्ह्यूअर म्हणून तुमचं नाव नोंदवता येतं. न सांगता लिहून देणं गोपनीयतेत बसत नाही. पेपर एआय चॅटबॉटमध्येही टाकायचा नाही.

सुरुवातीला पेपरचा दावा तुमच्या शब्दांत तीन-चार ओळींत मांडा. लेखकाला त्यावरूनच कळतं की तुम्हाला समजलंय की नाही. मग मोठे मुद्दे, नंतर बारीकसारीक. प्रत्येक मोठ्या मुद्द्यात फिगरचा क्रमांक, अडचण आणि ती कशाने सुटेल हे यायला हवं. 'आणखी प्रयोग करा' हे निरुपयोगी. 'फिगर 3ब मध्ये एकच एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा आरएनए तुकडा) वापरलाय, दुसरा वापरा किंवा रेस्क्यू (प्रथिन परत घातल्यावर परिणाम नाहीसा होणं) दाखवा' हे कामाचं. मागितलेला प्रयोग नेमका कोणत्या निष्कर्षासाठी लागतो हे सांगता येत नसेल तर मागू नका. उंदीर मॉडेल मागणं एका ओळीचं काम असतं, करणाऱ्याचं वर्ष जातं. आणि 'स्वीकारा' किंवा 'नाकारा' हे लेखकाला जाणाऱ्या भागात लिहू नका, त्याची जागा एडिटरच्या चौकटीत आहे.