प्रश्न तुमचे, शहर शिकागो

उन्हाळ्याच्या तोंडावर अमेरिकेची पत्रं वाढतात, त्यात या वेळी शिकागोची जास्त. मी या शहराच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते, ग्रंथालयातल्या नोकरीतून निवृत्त झालेय आणि दारात गाडी असली तरी शहरात लोकलनेच जाते. त्यामुळे पार्किंग कुठे मिळेल हे कृपया मला विचारू नका.

प्रश्न: मुलाकडे नेपरव्हिलला मे ते ऑक्टोबर राहायला चालले आहे. मुलगा-सून दिवसभर कामावर. मला गाडी चालवता येत नाही, इंग्रजी कामापुरतं येतं. मागच्या खेपेला ‘बीन’ हे चकचकीत शिल्प आणि सिअर्स टॉवर बघून झालं. आता काय बघायचं राहिलंय? (निवृत्त शिक्षिका, सांगली)

बाई, ती दोन्ही ठिकाणं तुम्ही रविवारी, मुलाच्या गाडीतून, घड्याळाकडे बघत उरकली असणार. आता आठवड्याच्या मधल्या वारी एकट्या जा. नेपरव्हिलहून मेट्राची लोकल साधारण तासाभरात यूनियन स्टेशनला सोडते. बाहेर अ‍ॅडम्स स्ट्रीट लागतो. नाकासमोर पूर्वेकडे चालायचं. आधी नदीवरचा पूल, मग डोक्यावरून धडधडत जाणारी ‘एल’ रेल्वे, आणि रस्ता संपतो तिथे ब्राँझचे दोन सिंह. ते आर्ट इन्स्टिट्यूट. तिकीट महाग आहे, शिवाय एका दिवसात पाय मोडतात, म्हणून ते पुढच्या खेपेला ठेवा. सिंहांपाशी डावीकडे वळून मिशिगन अ‍ॅव्हेन्यूने तीन चौक पुढे गेलात की वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर शिकागो कल्चरल सेंटर आहे. तिकीट नाही, आणि आत येऊन बसलात म्हणून कुणी हटकत नाही.

ही इमारत १८९७ साली शहराचं मुख्य वाचनालय म्हणून बांधली. त्याआधीची गोष्ट मला फार आवडते. १८७१ च्या आगीत शहर जळालं, तेव्हा इंग्लंडमधल्या भल्या माणसांना वाटलं, यांचं वाचनालयही गेलं असणार. त्यांनी आठ हजारांवर पुस्तकं गोळा करून पाठवली, राणी व्हिक्टोरियानेसुद्धा दिली. गंमत अशी की फुकट सार्वजनिक वाचनालय शिकागोत तोवर नव्हतंच! पुस्तकं आली म्हणून वाचनालय काढावं लागलं, आणि ते सुरू झालं आगीतून वाचलेल्या पाण्याच्या एका लोखंडी टाकीत. तिथून शहर पोचलं ते टिफनीच्या रंगीत काचांच्या घुमटापर्यंत. वरच्या प्रेस्टन ब्रॅडली हॉलमधला हा घुमट ३८ फूट व्यासाचा आहे, आणि हॉलभर मोझेइकमध्ये निरनिराळ्या भाषांतली वचनं आहेत. पुस्तकं १९९१ पासून दुसऱ्या इमारतीत गेली. आता इथे प्रदर्शनं, नाच, भाषणं, मैफली असतात.

बुधवार निवडलात तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतली माइरा हेस मैफल साधता येईल. माइरा हेस ही लंडनची पियानोवादक. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत असताना तिने तिथल्या नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली चालू ठेवल्या. तिच्या नावाने शिकागोत १९७७ पासून हा फुकट कार्यक्रम होतो, बहुधा नव्या कलाकारांचा. मधल्या काळात त्याची जागा बदलली, म्हणून निघण्यापूर्वी सुनेला फोनवर पत्ता बघायला सांगा.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मात्र संध्याकाळी थांबा. तुमच्या त्या ‘बीन’च्या बाजूलाच मिलेनियम पार्कचा खुला रंगमंच आहे. ग्रँट पार्क संगीत महोत्सव तिथे होतो. तो सुरू झाला १९३५ च्या मंदीत. वादक बेकार होते आणि लोकांच्या खिशात तिकिटाचे पैसे नव्हते, तेव्हा वादकांच्या संघटनेने पुढाकार घेतला. आजही हिरवळीवर बसून पूर्ण ऑर्केस्ट्रा फुकट ऐकता येतो. हिरवळीवर लोखंडी नळ्यांची एक प्रचंड जाळी तोलून धरली आहे. तिला टांगलेल्या स्पीकरांमुळे अगदी मागे सतरंजी टाकली तरी सूर स्पष्ट येतात. घरून डबा न्या, सगळेच नेतात. पाश्चात्त्य संगीत कळत नाही म्हणून अडू नका. तीन-चार संध्याकाळी गेलात की कंडक्टरच्या हातातली काठी कुणासाठी हलतेय ते आपोआप दिसायला लागतं. परतीची गाडी किती वाजता आहे एवढं मात्र आधी लिहून ठेवा, कारण रात्री दोन गाड्यांमधलं अंतर वाढतं.

ऑक्टोबरमध्ये सामान बांधायच्या आधी एक दिवस पिल्सेनला जा. नाव चेक लोकांनी दिलेलं, वस्ती आता मेक्सिकन. ‘एल’च्या पिंक लाइनवर अठराव्या रस्त्याच्या स्टेशनात जिन्यापासूनच भिंतीवरची चित्रं सुरू होतात. तिथल्या मेक्सिकन कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाने १९८७ मध्ये दार उघडल्यापासून कधीच तिकीट लावलेलं नाही. दर शरदात तिथे ‘मृतांचा दिवस’ प्रदर्शन भरतं. गेलेल्या माणसाचा फोटो, झेंडूची फुलं, त्याला आवडणारं खाणं मांडलेलं. पितृपक्षातलं पान वाढलेल्या माणसाला तिथे एकही पाटी वाचावी लागणार नाही.

प्रश्न: विवेकानंदांनी भाषण केलं तो हॉल बघायला मिळतो का? वडिलांची फार इच्छा आहे. (नागपूर)

तो हॉल आता नाही, हे वडिलांना आधीच सांगून ठेवा. जागा मात्र आहे. १८९३ चं जागतिक प्रदर्शन भरलं ते दक्षिणेला, जॅक्सन पार्कमध्ये. सर्वधर्म परिषद तिथे झाली नाही. ती झाली आर्ट इन्स्टिट्यूटच्या नव्या कोऱ्या इमारतीत, ११ ते २७ सप्टेंबर. त्यासाठी आत तात्पुरती मोठी सभागृहं उभारली होती, ती नंतर काढून टाकली. मार्गदर्शक पुष्कळदा फुलर्टन हॉल दाखवतात. हॉल सुंदर आहे, पण तो १८९८ चा.

वडिलांना मुख्य जिन्यावर न्या. मुंबईच्या जितीश कल्लाट यांनी २०१० साली, ११ सप्टेंबरलाच, याच जिन्याच्या ११८ पायऱ्यांवर ते भाषण दिव्यांच्या अक्षरांत मांडलं होतं. अक्षरांचे रंग अमेरिकेच्या दहशतवाद-इशाऱ्याच्या पट्टीतले: लाल, नारिंगी, पिवळा, निळा, हिरवा. एकाच तारखेची दोन वर्षं, १८९३ आणि २००१, पायऱ्या चढता चढता समोरासमोर यायची. ती कलाकृती तिथे कायमची नसते, पण ठाऊक असलं की जिना वेगळा दिसतो. आणखी एक. त्याच परिषदेत मुंबईहून गेलेले ब्राह्मो समाजाचे बी. बी. नगरकर हेही बोलले होते. आपण मराठी माणसं त्यांचं नाव काढत नाही, ते का, मला कळलेलं नाही. बाहेर मिशिगन अ‍ॅव्हेन्यूच्या त्या तुकड्याला विवेकानंदांचं नाव दिलेलं आहे. फोटो तिथे काढा.

प्रश्न: इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत आर्किटेक्चर शिकायला येतोय. ब्लूजचं, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या त्या संगीताचं, वेड आहे. खरा ब्लूज कुठे ऐकायचा? सीनियर म्हणतात, कॅम्पसच्या दक्षिणेला पाऊलही टाकू नकोस. (विद्यार्थी, पुणे)

अरे, तू राहणार आहेस तेच ब्रॉन्झव्हिल! दक्षिणेतल्या राज्यांतून काळी माणसं आगगाडीत बसून शिकागोला आली, १९१६ पासून पुढे जवळजवळ १९७० पर्यंत. कापसाच्या शेतातून सुटून कत्तलखान्यांत, पोलादाच्या कारखान्यांत. घर मात्र त्यांना शहर देईल तिथेच घ्यावं लागे, आणि शहर देई ती दक्षिणेकडची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत वर्तमानपत्रं निघाली, बँका निघाल्या, नाचघरं निघाली. ग्वेंडोलिन ब्रुक्स तिथेच वाढल्या. कवितेसाठी १९५० चं पुलित्झर त्यांना मिळालं, आणि हे पारितोषिक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखक.

तुझ्या विषयाचं सांगते. पहिल्या दिवशी तुला मीस व्हॅन डर रोह या वास्तुकाराचा क्राउन हॉल दाखवतील. काचेचा, लोखंडाचा, १९५६ चा, आणि तो खरोखर बघण्यासारखा आहे. तिथे आधी काय होतं हेही त्यांना विचार. तिथे मेक्का फ्लॅट्स नावाची, आतल्या चौकावर काचेचं छत असलेली जुनी चाळवजा इमारत होती. शेकडो काळी कुटुंबं तिथे राहत. रहिवाशांनी वर्षानुवर्षं विरोध केला, तरी १९५२ मध्ये ती पाडली. ब्रुक्सबाईंनी पुढे तिच्यावर दीर्घ कविता लिहिली. क्राउन हॉलसमोर उभं राहून ती वाच, कुठल्याही तासाला शिकवणार नाहीत ते कळेल.

कॅम्पसपासून चालत जाण्याच्या अंतरावर, तेहतिसाव्या रस्त्यावर पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्च आहे. थॉमस डॉर्सी आधी ब्लूज वाजवायचा. मग त्याने तीच धून देवाच्या पायाशी नेली. १९३० च्या दशकात त्याने या चर्चचं गायकवृंद घडवलं आणि गॉस्पेल, म्हणजे काळ्यांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत, उभं राहिलं. २००६ च्या आगीत चर्च जळालं, उरल्या त्या भिंती. मूळ इमारत अ‍ॅडलर आणि सलिव्हन या वास्तुकारांनी ज्यूंचं सिनेगॉग म्हणून बांधलेली, म्हणजे तुझ्या अभ्यासक्रमातलीच.

आता ब्लूज. ब्लूज गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीहून आला. तिथे अंगणात साधी गिटार पुरायची. इथल्या दारूच्या गुत्त्यातल्या गोंगाटात तिचा आवाज कुणाच्या कानावर पडेना. म्हणून गिटारला वीज जोडली, हार्मोनिका माइकला लावली आणि शिकागोचा ब्लूज झाला. रविवारी मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात वादक आसपासच्या घरा-दुकानांतून वायर ओढून रस्त्यावर वाजवत. तो बाजार इलिनॉय विद्यापीठाच्या विस्तारात गेला. पण २१२० साउथ मिशिगन, म्हणजे ब्लूजच्या तबकड्या काढणाऱ्या चेस रेकॉर्ड्स कंपनीची जुनी जागा, आहे, आणि ती ब्लूज गीतकार विली डिक्सनच्या नावाची संस्था सांभाळते. तू तिथवर बसने दहा-पंधरा मिनिटांत जाशील. जूनमध्ये शहराचा ब्लूज महोत्सव, १९८४ पासून, फुकट. ब्लूज गिटारवादक बडी गाय याचा क्लब डाउनटाउनमध्ये आहे. तिथे पर्यटक जास्त असतात, पण वाजवणारे अस्सल असतात.

सीनियरांचं म्हण. रात्री उशिरा एकट्याने, कानात हेडफोन घालून कुठेच भटकू नये, उत्तरेलाही नाही. पण कधीच न गेलेल्या माणसाने केलेला नकाशा घेऊन दोन वर्षं काढलीस, तर कॅम्पस आणि इंडियन ग्रोसरी एवढंच शिकागो बघून परत येशील. दिवसा जा. साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटरपासून सुरुवात कर. सरकारी कलायोजनेत १९४० साली निघालेलं हे घर अजून चालू आहे, आणि आत शिरलेल्या विद्यार्थ्याशी तिथले लोक बोलतात.

प्रश्न: चौदा वर्षांची मुलगी महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात काम करायला नाही म्हणते. तिला ‘इम्प्रोव्ह’च्या क्लासला जायचंय. संहिता नाही, तालीम नाही, हे कसलं नाटक? (शॉमबर्ग, शिकागोजवळ)

तालीम असते, फक्त वाक्यांची नसते. हा प्रकार तुमच्याच गावचा आहे आणि त्याची मुळं आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांतच आहेत. जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ साली हॉल्स्टेड स्ट्रीटवर हल हाउस काढलं, भोवतालच्या इटालियन, ग्रीक, ज्यू कामगार वस्त्यांसाठी. तिथे व्हायोला स्पोलिन मुलांबरोबर काम करायला शिकल्या. १९३० च्या दशकात स्थलांतरितांची मुलं एकत्र आली की भाषेची पंचाईत व्हायची, म्हणून त्यांनी नाटकाचे खेळ रचले: समोरच्याकडे बघ, त्याने दिलेलं घे, त्यात भर घाल. त्यांचा मुलगा पॉल सिल्स हा १९५९ मध्ये सेकंड सिटी ही विनोदी नाट्यसंस्था सुरू करणाऱ्यांपैकी एक. त्यानंतर टीव्हीवर आणि सिनेमात हसवणारे किती जण त्या दारातून गेले, हे तुमची लेकच तुम्हाला सांगेल.

घाला तिला क्लासला. आणि मंडळावर रुसू नका. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये शिकागोतच जन्मलं, इथल्या माणसांनी शाळांची सभागृहं भाड्याने घेऊन, तिथी सोडून शनिवारी गणपती बसवून सगळं उभं केलंय. पण ते त्यांच्या आठवणींतल्या गावासाठी होतं, आणि तुमच्या मुलीला ते गाव नाही. मंडळाच्या कार्यक्रमात तिला पंधरा मिनिटं द्या, मराठी-इंग्रजी कशीही सरमिसळ करू द्या आणि पहिल्या रांगेत बसून उच्चार दुरुस्त करू नका.

प्रश्न: शिकागोत आपलं शास्त्रीय संगीत ऐकायला मिळतं का? की फक्त बॉलीवुड? (ठाणे)

मिळतं. एरवीच्या मैफली संध्याकाळच्या असतात, त्यामुळे यमन-बागेश्रीच्या पुढे घड्याळ सरकत नाही. पण २०१३ पासून सप्टेंबरच्या जागतिक संगीत महोत्सवात ‘रागमाला’ सुरू झाली: वर सांगितलेल्या त्याच काचेच्या घुमटाखाली, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. उत्तररात्रीचे आणि पहाटेचे राग त्यांच्या वेळेला, सार्वजनिक इमारतीत, फुकट. रात्रभर बसायचं तर उशी आणि शाल हवीच, तिथला एसी दयामाया करत नाही. त्या वर्षीची तारीख शहराच्या वेळापत्रकात बघून घ्या. पहाटेचं गाणं चुकवून मध्यरात्री घरी जाणाऱ्यांशी माझं पटत नाही.

प्रश्न: डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला जावं का? (कोल्हापूर)

साड्या, पापड, मिक्सर हवा असेल तर जा. सत्तरच्या दशकात तिथे साडीची दुकानं आली, तेव्हा आसपास ज्यू वस्ती होती. आता त्या एकाच रस्त्याच्या निरनिराळ्या तुकड्यांना गांधी, जिना, मुजीबुर रहमान आणि गोल्डा मेयर यांची नावं आहेत. पाट्या वाचत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला, आणि खरेदी परत येताना करा, नाहीतर पिशव्या उगाच दोनदा वाहाव्या लागतील.